परांची आणि पेशी: ऊतक अभियांत्रिकीची पार्श्वभूमी

भाजलेला रुग्ण आला की पहिला प्रश्न असतो, किती टक्के? 20 टक्के भाजलं असेल तर मांडीवरची किंवा पाठीवरची कातडी पातळ सोलून जखमेवर बसवता येते. 90 टक्के भाजलं असेल तर सोलायला कातडीच उरत नाही. दुसऱ्याची लावली तर शरीर ती काही आठवड्यांत झिडकारतं. खराब झालेलं ऊतक (एकाच कामाच्या पेशींचा समूह), म्हणजे त्वचा, कूर्चा, हाड किंवा रक्तवाहिनी, पुन्हा घडवून आणायचं, या खटाटोपाला आज ऊतक अभियांत्रिकी म्हणतात. जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञान या कामासाठी एकत्र आले, त्यामागे भाजलेल्यांच्या वॉर्डातली ही अडचण सर्वांत मोठी होती असं माझं मत आहे.

त्याआधी दोन्ही शास्त्रं आपापल्या वाटेनं चालली होती. 1907 साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला मज्जातंतूंचा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तंतू पुढे सरकताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी शरीराबाहेर जगतात, वाढतात, हे त्यातून दिसलं. पण माणसाच्या त्वचेच्या पेशींनी पुढची कित्येक दशकं दाद दिली नाही. बशीत त्यांच्यासोबत आलेल्या संयोजी ऊतकाच्या पेशी भराभर वाढायच्या आणि त्यांना दडपून टाकायच्या.

1975 साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी यावर तोड काढली. बशीच्या तळाशी त्यांनी उंदराच्या पेशींचा थर ठेवला, पण आधी किरणोत्सर्गानं त्यांची विभाजनाची ताकद काढून घेतली. त्या स्वतः वाढेनात, मात्र वरच्या मानवी पेशींना लागणारं पोषण पुरवत राहिल्या. आता टपाल तिकिटाएवढ्या कातडीपासून तीन-चार आठवड्यांत अंगभर पुरेल एवढा पातळ पापुद्रा तयार होऊ लागला. 1983 साली अमेरिकेत 95 टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांवर असेच पापुद्रे लावले गेले. दोघंही वाचले. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस.

तरी तो पापुद्रा म्हणजे त्वचेचा फक्त वरचा थर होता. जेमतेम काही पेशींच्या जाडीचा. व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या कापडाला चिमटे लावून तो उचलावा लागे, नाहीतर हातातच गोळा होई. खाली आधाराचा, लवचीक असा जो जाड थर असतो, तो बशीत बनत नव्हता.

पदार्थांच्या बाजूला तेव्हा वेगळाच विचार रुजला होता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाच्या काचेसारख्या ॲक्रिलिक छताचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळे फारसे सुजले नाहीत, हे नेत्रशल्यचिकित्सक हॅरल्ड रिडली यांनी पाहिलं. 1949 साली लंडनमध्ये त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. चांगला पदार्थ म्हणजे शरीराला ज्याची दखलच घ्यावी लागत नाही तो, अशी व्याख्या मग बरीच वर्षं चालली. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियम इतकं घट्ट बसलेलं आढळलं की ते काढता येईना. आजचे दातांचे इम्प्लांट त्याच निरीक्षणातून आले. 1969 साली लॅरी हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या ऑक्साइडांची एक काच बनवली. ती हाडाशी रासायनिक बंध जोडत होती. 1970च्या दशकात शरीरात आपोआप विरघळणाऱ्या कृत्रिम पॉलिमरचे टाके सर्रास वापरात आले. रोपण केलेली वस्तू शरीरात कायम राहिलीच पाहिजे, हा आग्रह इथं सैल झाला.

या दोन वाटा जिथं मिळाल्या ते ठिकाण म्हणजे बॉस्टन. शल्यचिकित्सक जॉन बर्क भाजलेल्या मुलांवर उपचार करत होते. आयोनिस यानास हे बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे (लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थांचे) अभ्यासक. जखम लवकर बंद करणारं आच्छादन बनवायचं, एवढाच बेत होता. गाईच्या कातडीतलं कोलॅजन हे प्रथिन आणि शार्कच्या कूर्चेतला एक शर्करायुक्त रेणू यांपासून त्यांनी स्पंजासारखी सच्छिद्र चकती बनवली. वर सिलिकॉनचा पातळ थर दिला, तो तात्पुरत्या कातडीचं काम करी. प्राण्यांवरच्या प्रयोगात मात्र उलटंच दिसलं. जखम लवकर भरण्याऐवजी उशिरा आकसत होती. एखाद्यानं प्रयोग फसला म्हणून तो पदार्थ फेकून दिला असता. या दोघांनी खाली काय तयार होतंय ते पाहिलं. नेहमीचा कडक व्रण, म्हणजे जखमेचा वण, तिथं नव्हता. त्याऐवजी त्वचेचा खरा खालचा थर उभा राहत होता.

मोठी जखम झाली की शरीर घाईघाईनं ती ओढून घेतं आणि व्रणानं बुजवतं. जीव वाचवायला हे बरं, पण व्रण ताठ असतो, सांध्यावर आला तर हातपाय आखडतात. स्पंजाच्या छिद्रांत पेशी शिरल्या, त्यांनी तिथं स्वतःचं कोलॅजन विणलं आणि मूळ स्पंज हळूहळू विरघळून गेला. इमारत बांधताना परांची बांधतात, काम झालं की उतरवतात, तसंच हे. 1981 साली या दोघांनी दहा रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1996 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या आच्छादनाला मान्यता दिली.

'टिश्यू इंजिनिअरिंग' हे नाव रूढ झालं ते 1980च्या दशकाच्या अखेरीस. 1993 साली रसायन अभियंता रॉबर्ट लँगर आणि बालशल्यचिकित्सक जोसेफ व्हॅकँटी यांनी एका लेखात या शाखेची मांडणी केली: विरघळणाऱ्या पॉलिमरची परांची, तिच्यावर पेशी आणि त्यांना वाढीचे इशारे. पाठीवर माणसाचा कान उगवलेल्या उंदराचं छायाचित्र याच दशकातलं. त्यावर फार गैरसमज पसरले. उंदराच्या जनुकांत काहीही बदल केलेला नव्हता आणि त्या कानात मानवी पेशीही नव्हत्या. कानाच्या आकाराच्या पॉलिमरवर गाईच्या कूर्चेच्या पेशी वाढवल्या होत्या, इतकंच.

कूर्चा सोपी पडते, कारण तिला रक्तवाहिन्या नसतात. बाकी बहुतेक ऊतकांत पेशी केशवाहिनीपासून साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरपेक्षा लांब गेली की प्राणवायूवाचून मरते. या साध्या आकड्यानं अख्खी शाखा अडवून धरली आहे. पातळ त्वचा जमली. 2006 साली अँथनी अटाला यांनी सात रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेली मूत्राशयाची भिंत बसवल्याचं जाहीर केलं. यकृत किंवा मूत्रपिंड जमलं नाही. 2008 साली हॅराल्ड ऑट आणि डोरिस टेलर यांनी उंदराच्या हृदयातून साबणासारख्या द्रावणानं सगळ्या पेशी धुऊन काढल्या. रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासकट मागे राहिलेल्या पांढुरक्या सांगाड्यात त्यांनी नव्या पेशी सोडल्या. ते हृदय धडधडलं, पण ताकद प्रौढ हृदयाच्या जेमतेम 2 टक्के.

ही मर्यादा बाजूला सारल्यावर काय होतं तेही या इतिहासात आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. 2011 पासून पाओलो माकियारिनी यांनी रुग्णांना प्लास्टिकची श्वासनलिका बसवायला सुरुवात केली. मूळ पेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी) लावल्या की नळी जिवंत होईल, असा दावा होता. त्या नळीला रक्तपुरवठाच नव्हता. स्टॉकहोममध्ये ज्या तिघांवर ही शस्त्रक्रिया झाली, ते तिघंही दगावले. 2023 साली स्वीडनच्या अपील न्यायालयानं माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. पदार्थाला पेशी नुसत्या चोपडल्या म्हणजे ऊतक होत नाही, हे यानासांच्या स्पंजानं त्याआधी 30 वर्षं दाखवलं होतं. ते विसरण्याची किंमत रुग्णांनी मोजली.

दरम्यान पदार्थाकडे बघण्याची दृष्टी आणखी बदलली. 2006 साली डेनिस डिशर यांच्या गटानं एकाच प्रकारच्या मूळ पेशी वेगवेगळ्या ताठपणाच्या जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वाटेला लागल्या, मध्यम ताठ जेलवर स्नायूंच्या आणि अधिक ताठ जेलवर हाडाच्या. नुसत्या स्पर्शातून पेशीला इशारा मिळतो, हे यातून पुढे आलं. त्याच वर्षी शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मूळ पेशींसारखं बनवलं. 2017 साली मिकेले दे लुका यांच्या गटानं, ज्याची कातडी आनुवंशिक आजारानं गळून पडत होती अशा सात वर्षांच्या मुलाला त्याच्याच, जनुक दुरुस्त केलेल्या पेशींपासून शरीराच्या 80 टक्के भागावर नवी त्वचा दिल्याचं जाहीर केलं.

रक्तवाहिनीबाबत लॉरा निकलसन यांनी 1990च्या दशकात लँगर यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. त्यातून पुढे आलेल्या पद्धतीत दात्याच्या स्नायुपेशी विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नळीवर वाढवतात. पेशी भोवती प्रथिनांची भिंत विणतात, पॉलिमर नाहीसा होतो. मग त्या पेशीही धुऊन टाकतात, म्हणजे रुग्णाचं शरीर झिडकारण्याजोगं काही उरत नाही. हातापायाची धमनी तुटली आणि रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नसली, तर अशी नळी बसवायला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये परवानगी मिळाली. डायलिसिसच्या रुग्णांना याआधी बसवलेल्या अशाच नळ्यांचे तुकडे काही काळानं तपासले, तेव्हा भिंतीत पेशी सापडल्या होत्या. त्या रुग्णांच्या स्वतःच्या होत्या.