साहेब गिऱ्हाइकापासून तुटतो, तो गर्वामुळेच का?

‘कंपनी मोठी झाली की साहेबांच्या डोक्यात हवा जाते, म्हणून त्यांना गिऱ्हाईक दिसेनासं होतं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. तसे साहेब आपण पाहिलेले असतात, म्हणून तो पटतोही. पण गिऱ्हाइकाची मनापासून काळजी असलेला माणूसही असाच तुटतो.

खरं कारण, बातमी वर जाताना गाळली जाते. काउंटरवरचा मुलगा ऐकतो, ‘झाकण पुन्हा गळलं हो, अख्खी पिशवी तेलकट झाली.’ सुपरवायझरच्या वहीत ती ‘पॅकिंगची किरकोळ तक्रार’ होते, मॅनेजरच्या तक्त्यात नुसता आकडा. साहेबांपुढे उरते गिऱ्हाइकांनी दिलेल्या गुणांची सरासरी: 5 पैकी 4.2. खोटं कुणीच बोललेलं नसतं. शिवाय तक्रार न करता गुपचूप दुसरा माल घेऊ लागलेली माणसं या आकड्यात येतच नाहीत.

हिशेब स्वतः करून बघा. 100 जणांपैकी 80 जणांनी 4 आणि 20 जणांनी 5 गुण दिले, सरासरी 4.2. 80 जणांनी 5 आणि 20 जणांनी 1 दिला, तरी 4.2च! ते 20 जण साहेबांना दिसणार कुठून?

तुम्ही कंपनीत असाल तर ओळख न सांगता आपल्याच हेल्पलाइनला फोन लावा. माणसाचा आवाज किती मिनिटांनी येतो, ते घड्याळात बघा.