व्हिक्टोरियन पबमधील भुरटी गुन्हेगारी आणि विनोद

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडमधील पब ही कष्टकरी माणसाची हक्काची बैठक होती. १८३० च्या बिअरहाउस कायद्यानुसार दोन गिनी भरून परवाना काढणाऱ्या कोणाही करदात्याला बिअर विकता येऊ लागली आणि गल्लोगल्ली बिअरची दुकाने निघाली. आठवड्याचा पगार खिशात घेऊन माणसे तिथे येत, म्हणून त्यांच्या पाठोपाठ उचले आणि भामटेही येत.

यातला सर्वांत पद्धतशीर धंदा खोटी नाणी खपवण्याचा. गिऱ्हाईक अर्धा पाइंट पोर्टर (गडद रंगाची बिअर) मागे, एक पेनीच्या बिअरसाठी खोटा शिलिंग (बारा पेन्यांचे नाणे) पुढे करी आणि अकरा खऱ्या पेन्या घेऊन निघून जाई. हे काम बहुधा जोडीने चाले. नाण्यांचा साठा बाहेर उभ्या साथीदाराकडे राही आणि आत जाणारा एकच नाणे जवळ बाळगी. पकडला गेलाच तर ‘मलाही कुणीतरी फसवून दिले’ असे म्हणायला तो मोकळा असे. या सावधगिरीला कायद्याचेच कारण होते, कारण तीन किंवा अधिक खोटी नाणी खपवण्याच्या हेतूने बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा होता. बिअर देणारी मुलगी, म्हणजे बारमेड, नाणे दाताखाली धरून पाही किंवा काउंटरवरच्या टेस्टरच्या खाचेत घालून वाकवी. मऊ धातूचे नाणे लगेच वाकत असे. गर्दीच्या वेळी, गॅसच्या उजेडात हे काम करणाऱ्या या मुलींची नजर फार तयार होती. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या कित्येक खटल्यांत पहिली साक्ष त्यांचीच आहे.

नाण्यांसाठी लागणारा कच्चा मालही कधी कधी पबमधूनच जाई. बिअरचे प्याले कथिलमिश्रित प्यूटर धातूचे असत. पबमधला पोऱ्या (पॉटबॉय) ते भरून घरोघरी पोचवी आणि रिकामे गोळा करी. दाराबाहेर ठेवलेला प्याला पळवून वितळवणे सोपे होते, म्हणून मालक त्यावर स्वतःचे आणि पबचे नाव कोरून घेत. याशिवाय तीन पत्त्यांचा फसवा खेळ होता, आणि चेंडूने लाकडी खुंट्या पाडायच्या स्किटल्स या खेळात आधी मुद्दाम हरून परगावच्या माणसाला मोठी पैज लावायला भरीस पाडणारे अड्डेबाज होते. १८५३ च्या कायद्याने पैजा घेणारी दुकाने बंद केल्यावर घोड्यांवरच्या पैजाही पबच्या कोपऱ्यांत आणि रस्त्यावर आल्या. मालक सगळेच निर्दोष नव्हते. बिअरमध्ये पाणी आणि मीठ घालणे, फेस टिकावा म्हणून हिराकस मिसळणे हे प्रकार सर्रास चालत.

१८७१ च्या गुन्हे प्रतिबंधक कायद्याने चोरांना थारा देणाऱ्या मालकाला दंड ठेवला. १८७२ च्या परवाना कायद्याने कामावरच्या पोलिसाला पबमध्ये रेंगाळू देणे किंवा फुकट पाजणे हाही गुन्हा ठरला.

गुन्हे आणि न्यायालये यांवर पबमध्ये हशाही पिके. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रेंटन निकल्सनने १८४१ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीटवरील गॅरिक्स हेड या पबमध्ये सुरू केलेली ‘जज अँड ज्युरी सोसायटी’, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांचा विनोदी प्रयोग. कर्जापायी अनेकदा तुरुंगात गेलेला हा गृहस्थ ‘लॉर्ड चीफ बॅरन’ (एका वरिष्ठ न्यायाधीशाचे पद) म्हणून टोप आणि झगा घालून न्यायासनावर बसे, समोर ब्रँडीचा पेला असे आणि तोंडात सिगार. टोपवाले ‘वकील’ बहुधा व्यभिचाराच्या दाव्यांवर युक्तिवाद करत आणि स्त्री-साक्षीदारांची सोंगे पुरुष वठवत. भाषा पुष्कळदा अश्लील असे. तरीही खरे पोलिस न्यायालय त्याच रस्त्यावर असताना न्यायदानाचा रुबाब असा उघडा पाडणे हे धाडसच होते, आणि या प्रयोगाचे खरे मोल तिथेच आहे. १८६१ मध्ये निकल्सन वारला.

वृत्तपत्रांनीही हा सूर उचलला. पोलिस न्यायालयांच्या वृत्तांतात दारुड्यांची उत्तरे आणि मॅजिस्ट्रेटचे शेरे शब्दशः देऊन पुढे कंसात ‘हशा’ छापत. ज्याच्यावर हसू येई तो बहुधा दंड भरायलाही महाग असे, आणि दंड न भरल्यास त्याची रवानगी तुरुंगात होई. ओल्ड बेलीचे छापील वृत्तांत १९१३ पर्यंत निघत राहिले. आज ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.