रेझिनची चमक: खरं काम ४०० नंबरवर

साच्यात ओतून कडक केलेल्या पारदर्शक रेझिनचा तुकडा ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे ओला करून वापरायच्या पॉलिश पेपरने, (नंबर मोठा तितका कागद बारीक) घासला की तो दुधाळ, धुरकट होतो. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बोटाने पसरा. तेवढ्या जागी एकदम आरपार दिसायला लागतं. पाणी सुकलं की पुन्हा धुरकट.

इपॉक्सी या नेहमीच्या रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, साधारण १.५५. हवेतून त्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४.६ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो शिस्तीत एका दिशेने परततो आणि आपल्याला खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. चरे असले की प्रत्येक चऱ्याचा उतार प्रकाश वेगळीकडे फेकतो, आत शिरणारा प्रकाशही वाकडातिकडा वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. चऱ्यांत पाणी भरलं की पाणी आणि रेझिन यांच्या सीमेवरून जेमतेम ०.६ टक्के प्रकाश परततो, आणि पाण्याचा वरचा थर सपाटच असतो. म्हणजे चमक रेझिनमध्ये आधीपासून आहे, चरे तिच्या आड येतात. म्हणूनच ओला तुकडा पाहून घासणं थांबवू नये. पुसून, पूर्ण कोरडा करून, दिव्याखाली तिरपा धरून बघावा.

घासायला घेण्याआधी रेझिन पुरतं पिकलेलं, म्हणजे आतपर्यंत कडक झालेलं हवं. बहुतेक इपॉक्सी २४ तासांत हाताला टणक लागतात, पण पूर्ण कडकपणा यायला खोलीच्या तापमानाला आठवडाभर लागू शकतो. नख दाबून खूण उठली तर थांबा. कच्चं रेझिन कापलं जात नाही, त्याच्या वळ्या होऊन कागदात अडकतात. थंड, दमट हवेत पिकलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो. तो घासू नका, कोमट साबणपाण्याने धुवा. यूव्ही दिव्याखाली पिकणाऱ्या यूव्ही रेझिनचा वरचा चिकटपणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा दिव्याखाली ठेवा. ॲक्रिलिक या काचेसारख्या प्लॅस्टिकला मात्र अल्कोहोल लावायचं नाही. आत ताण असलेल्या ॲक्रिलिकला त्याने केसासारख्या बारीक चिरा पडतात.

आता घासणं. ४००, ६००, ८००, १२००, २००० असा क्रम, सगळं ओलं, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब. पाणी भुकटी वाहून नेतं, कागद भरू देत नाही आणि तुकडा थंड ठेवतं. धूळही उडत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीच्या धुळीने कायमची ॲलर्जी होऊ शकते. कोरडं घासावंच लागलं तर धुळीसाठीचा मास्क आणि हातमोजे घाला. सपाट बाजूसाठी कागद काचेवर ठेवून तुकडा त्यावर फिरवा, गोलाईसाठी कागदामागे फोमचा तुकडा घ्या. नुसत्या बोटांनी दाबलं तर बोटांच्या रुंदीचे खड्डे पडतात. ते चमक आल्यावरच दिसतात.

नंबर बदलला की दिशा काटकोनात बदला. ४०० ने उभं घासलं असेल तर ६०० ने आडवं. एकही उभा चरा दिसेनासा होईपर्यंत पुढे जायचं नाही. मग तुकडा धुवा, पाणी बदला. ४०० चा एक चुकार कण २००० च्या पाण्यात राहिला तर केलेलं सगळं वाया जातं.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती इथल्या घाईने. ४०० वरून थेट १२०० वर उडी मारली की वरचे उंचवटे गुळगुळीत होतात, खोल चरे तळाशी तसेच राहतात. धुरकट पृष्ठभागावर ते दिसत नाहीत, पॉलिश झाल्यावर उठून दिसतात. मग कितीही कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) चोळा, जात नाहीत. परत ४०० वरच यावं लागतं. एकूण वेळेतला अर्धा वेळ पहिल्या कागदाला दिला तरी तो जास्त नाही. बुडबुड्यांची तोंडंही याच टप्प्यावर उघडतात. ती सुईच्या टोकाने ताज्या रेझिनने किंचित उंच भरा, पिकू द्या, मग घासा. न भरलेल्या भोकात पुढे पांढरं कंपाउंड जाऊन बसतं.

युरोपीय ‘पी’ मोजणीत ४०० च्या कागदावरचे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २००० चे सुमारे १० मायक्रॉनचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. म्हणून २००० नंतरही तुकडा रेशमीच दिसतो, आरशासारखा नाही. पुढचं काम प्लॅस्टिक पॉलिशचं. त्यातले कण मायक्रॉनभर किंवा त्याहून बारीक असतात. मऊ सुती कापडावर वाटाण्याएवढं घेऊन हाताने चोळलं तरी चालतं.

बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर, घेत असाल तर शत्रू उष्णता. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकच्या हजारपटीने उष्णता वाहून नेतं. प्लॅस्टिकमध्ये ती आत पसरत नाही, वरच्या थरातच साठते. खोलीच्या तापमानाला पिकलेलं नेहमीचं इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. तेवढं तापलं की पृष्ठभाग ओढला जातो, लाटा उठतात, कंपाउंड आत रुतून बसतं. सैल सुती चाक, कमी वेग, हलका हात, आणि तुकडा सतत हलता. बोटाला कोमटपेक्षा जास्त लागला की बाजूला ठेवा. चाक कडेवरून बाहेर जाईल असा तुकडा धरा. कड चाकाच्या समोर आली तर तुकडा हातातून हिसकला जातो. ज्योतीने चमकवण्याची युक्ती ॲक्रिलिकपुरतीच, कारण ते वितळतं. इपॉक्सी आणि पॉलिएस्टर रेझिन पिकल्यावर वितळत नाहीत, पिवळे पडून जळतात.

नक्षीच्या खाचांत कागद पोचतच नाही. असा तुकडा कागद पोचेल तेवढा ६०० पर्यंत घासून, धुऊन, त्याला त्याच रेझिनचा पातळ हात द्यावा. थेंबभर पाण्याने केलं तेच हा थर कायमचं करतो. त्याचा अपवर्तनांक खालच्या रेझिनइतकाच, त्यामुळे चरे पूर्ण नाहीसे होतात. मात्र कडा थोड्या गोलावतात आणि धूळ बसली तर ती आतच राहते. एकच वस्तू अनेकदा ओतायची असेल तर चमक मूळ नमुन्यालाच द्या. सिलिकॉनचा साचा नमुन्यावरचे चरेही उचलतो आणि गुळगुळीतपणाही, त्यामुळे साच्यातून निघणारा तुकडा चमकतच बाहेर येतो.