मासा देवाघरी नाही, अमोनियाने गेला

गेल्या महिन्यात ताईकडचा गोल्डफिश मेला. पाच वर्षांची भाची शाळेत होती, त्यामुळे घरात लगेच खलबतं सुरू झाली: ती यायच्या आत तस्साच दुसरा आणून सोडावा का? आजीने निकालच देऊन टाकला, "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं." आपल्याकडे काचेच्या पेटीतला मासा कधी नुसता मरत नाही, हुतात्मा होतो.

लहान मुलांना मरण कळत नाही, हा आपला सोयीचा समज. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. त्यातल्या अगदी लहान मुलांच्या लेखी मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोपणं. आणि आपण त्यांना सांगतो काय, तर "गावाला गेला", "झोपला". मग कधी उठणार, हे ती विचारणारच. उलट, ऑस्ट्रेलियातल्या व्हर्जिनिया स्लॉटर आणि मिशेल लायन्स यांनी २००३ मध्ये दाखवलं, की हृदय, फुप्फुसं, पोट कशासाठी असतात हे बालवाडीच्या वयातल्या मुलांना शिकवलं की मृत्यूही त्यांना जास्त नीट कळतो.

म्हणून मी भाचीला मासा कसा जगतो तिथूनच सुरुवात केली.

मासा शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून टाकतो. रक्तात तो जास्त, पाण्यात कमी, म्हणून उतारावरून पाणी वाहावं तसा तो बाहेर पडतो. पाण्यातच अमोनिया साठला की उतार संपतो आणि विष आतच तुंबतं. त्यातही गंमत आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. विद्युतभार असलेला अमोनियम कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, बिनभाराचा अमोनिया शिरतो. २५ अंश तापमानाला पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) ७ असेल तर हे बिनभाराचं रूप शेकडा एकाहूनही कमी असतं. सामू ८ झाला की जवळजवळ दसपट! म्हणजे कचरा तेवढाच, विष मात्र कितीतरी जास्त. टाकीतले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही वाईटच, कारण ते हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि माशाचं रक्त तपकिरी पडतं. नायट्राइटचं नायट्रेट झालं की मासा बऱ्यापैकी सुटतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती वसायला काही आठवडे लागतात.

आदल्या रविवारी दाजींनी सगळं पाणी ओतून देऊन स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि क्लोरीन जिवाणूंना मारतो.

सामूपाशी भाचीचं लक्ष उडालं होतं (ताईचंही). पण कारण सांगणं भागच होतं. या वयाच्या मुलांना आपण रागावलो, मनात वाईट आणलं म्हणून असं झालं, असंही वाटतं. तिने विचारलंच, "मी त्याला ओरडले होते म्हणून?"

"नाही गं," दाजी म्हणाले. "मी टाकी जास्त धुतली म्हणून."

हे वाक्य जड असतं, आणि संकटाची गोष्ट नेमकी त्यातून सुटका करते. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. आमचा पाच महिने जगला.

टाकी आता पुन्हा भरली आहे. क्लोरीन काढलेल्या पाण्यात भाची रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाकते, ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून. पाहुण्यांनी विचारलं की सांगते, "मासे नाहीत अजून. जिवाणू आहेत."