शेतीचा ओढ्यातल्या माशांवर होणारा परिणाम (पश्चिम घाट)

डोंगरउतारावरचं जंगल जाऊन तिथे शेती किंवा बागायत आली की खालच्या ओढ्यातले मासे बदलतात, त्याबद्दलची ही नोंद. असं उष्ण प्रदेशात सगळीकडेच दिसतं, पण इथे मुख्यतः कोकण आणि सह्याद्रीचं बघू. लोकांना वाटतं शेतीमुळे मासे "संपतात". तसं क्वचित होतं, बहुतेक वेळा मासे असतातच, फक्त आधीचे नसतात.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2011 च्या अहवालानुसार पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या साधारण 290 जाती आहेत आणि त्यातल्या 189 जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. यातल्या बऱ्याच जाती ओढ्या-व्हाळातल्या, आणि त्यांचं अख्खं आयुष्य दगडाशी बांधलेलं. मळ्या नावाचा मासाच घ्या. तोंडाखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन करताना आपल्याकडचंच नाव उचललं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या आहे. मुरी नावाची मासळी दगडांच्या फटीत राहते, आणि खडस (म्हणजे महसीर) स्वच्छ, खळाळत्या पाण्यात वाळू-गोट्यांवर अंडी घालतो.

आता वरचा उतार जेसीबीने सपाट करून आंबा-काजू लावला की पहिल्या पावसात व्हाळ लाल होतो. (1990 साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली तेव्हापासून कोकणात हे क्षेत्र खूप वाढलं, दोडामार्गाकडे आता रबरही आहे.) पाणी चार दिवसांत निवळतं म्हणून आपण विसरून जातो, पण माती गोट्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसलेली असते, दगड उचलून बघितला तर खाली पिठासारखा गाळ हाताला लागतो. त्या फटी म्हणजेच मुरीचं घर आणि अंड्यांना हवा मिळायची जागा. नाला खोलीकरणातही हेच होतं, पाणी साठतं हे खरंय आणि शेतकऱ्याला ते हवंच असतं, पण डबकी, खळाळ, गोटे सगळं जाऊन सरळ चर उरतो.

दुसरी गोष्ट सावलीची. काठावरचे उंबर, जांभूळ, करंज तोडले की दुपारचं ऊन थेट पाण्यावर पडतं. 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.6 च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशाला श्वासाला लागतो मात्र जास्त. वरून पडणारे किडे, पानं, उंबरं बंद होतात, म्हणजे जेवणही गेलं. उलट ऊन आणि खत मिळाल्यामुळे शेवाळ माजतं. मग शेवाळ खाणारे आणि काहीही चालणारे मासे वाढतात, सोबत गप्पी आणि तिलापिया हे बाहेरचे मासे शिरतात. म्हणून नुसत्या जाती मोजून ओढा चांगला की वाईट ठरवू नये असं माझं ठाम मत आहे, कारण झाडं गेल्यावर सुरुवातीला आकडा कधीकधी वाढतोसुद्धा.

फवारणीचं तर वेळापत्रकच माशांच्या विरुद्ध आहे. आंब्याच्या तुडतुड्यावर औषध मारायचं ते मोहोराच्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते मार्च, आणि नेमकं तेव्हाच व्हाळाची धार तुटून कोंडीत (म्हणजे डोहात) थोडंसंच पाणी उरलेलं असतं आणि आजूबाजूचे सगळे मासे त्यातच गोळा झालेले असतात. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. मी स्वतः बघितलंय, फवारणी संपवून एकाने पंप कोंडीत विसळला, नेहमीचंच काम, पाणी जवळ म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत खवल्या म्हणतात ते बारीक मासे पोट वर करून कडेला लागले होते. त्याला स्वतःलाच वाईट वाटलं.

पण शेती म्हणजे माशांची शत्रू असं म्हणणं चुकीचं होईल. कोकणात पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून व्हाळात आणि व्हाळातून भाताच्या खाचरात चढतात, रायगडकडे त्याला वलगण म्हणतात, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढणीचे मासे. उथळ, कोमट, किडे भरपूर असलेलं खाचर पिल्लांना वाढायला उत्तम जागा आहे. अंडी भरलेली मादी वाटेतच पकडली गेली किंवा खाचरात औषध पडलं तर मात्र हे चक्र मोडतं.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, म्हणून तिथे मोठे महसीर आजही दिसतात. गळ आणि जाळ्यापासून त्यांना संरक्षण आहे, वरून येणाऱ्या गाळापासून नाही.

उपाय म्हटला तर काठाची झाडं राखणं. ब्राझीलमध्ये 10 मीटरपेक्षा अरुंद ओढ्याला दोन्ही बाजूंनी 30 मीटर जंगल ठेवायचा सर्वसाधारण नियम कायद्यात आहे. कोकणात अर्ध्या एकराच्या तुकड्यात 30 मीटर सोडायचे म्हणजे शेतच गेलं, ते कोणी करणार नाही. पण करंजाचा पाला भाताला हिरवं खत म्हणून घालायची पद्धत जिथे अजून टिकून आहे तिथे बांधावरचे करंज लोक तोडत नाहीत, आणि त्यांच्या पाण्यात उतरलेल्या मुळांखाली भर मे महिन्यात हात घातला तर मुऱ्या सापडतात.