मॉड केलेल्या कॅमेऱ्याची एकेक फ्रेम कशी तपासायची

आकाशाचे फोटो काढायला कॅमेरा आमच्याकडून मॉड करून (म्हणजे सेन्सरपुढचा फिल्टर बदलून) नेला की पहिल्याच अमावस्येला बहुतेकांचा फोन येतो, "अहो, सगळं नुसतं लाल आलंय, काही बिघडलंय का?" बिघडलेलं काही नसतं. पण तीन तास गाडी चालवून अंधाऱ्या जागी गेलेल्या माणसाला त्या रात्री धाकधूक होते हे आम्हाला माहितीये, म्हणून हे पत्रक कॅमेऱ्यासोबत देतोय.

आधी लाल का दिसतं ते बघू. कंपनीचा कॅमेरा माणसांचे चेहरे आणि झाडंपानं नैसर्गिक दिसावीत म्हणून बनवलेला असतो, त्यामुळे सेन्सरपुढचा फिल्टर गडद लाल रंग बराचसा अडवतो. आणि तेजोमेघातला (अवकाशातल्या वायूच्या ढगातला) हायड्रोजन नेमका तिथेच चमकतो, ६५६.३ नॅनोमीटरला, त्यातला जेमतेम पाव हिस्सा आत येतो, मॉडेलप्रमाणे थोडा कमीजास्त. आम्ही तो फिल्टर काढून दुसरा बसवतो, जो हा लाल येऊ देतो आणि पुढचं इन्फ्रारेड अडवतो. आता लाल सगळीकडूनच जास्त येणार, आकाशाच्या उजेडातूनही, आणि कॅमेऱ्याचं डेलाइट व्हाइट बॅलन्स अजून जुन्याच हिशोबाने चालतंय, म्हणून स्क्रीनवर सगळं विटकरी-गुलाबी दिसतं. कस्टम व्हाइट बॅलन्स लावलंत तर डोळ्यांना बरं वाटेल, पण रॉ फाइलमधला (सेन्सरने टिपलेला मूळ) डेटा त्याने अजिबात बदलत नाही. थोडक्यात, एका फ्रेमवरून रंग ठरवू नका. रंग स्टॅकिंगनंतर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून एक फोटो केल्यावर, बघायचा.

मग एका फ्रेममधून काय बघायचं? सगळ्यात आधी हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत त्याचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं), आणि तोही तिन्ही रंगांचा वेगवेगळा. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो कारण नुसत्या ब्राइटनेसच्या हिस्टोग्राममध्ये लाल चॅनल कुठवर गेलाय ते लपून जातं, मॉड कॅमेऱ्यात लालचा डोंगर हिरव्या-निळ्याच्या बराच उजवीकडे असतो आणि शहराजवळ तर तो उजव्या भिंतीकडे पळत सुटतो. तिन्ही डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेले हवेत, आणि लालसुद्धा अर्ध्याच्या अलीकडे राहिला तर उत्तम. निळा अजून डावीकडे चिकटलेला असेल तर एक्स्पोजर वाढवा, नाहीतर सेन्सरचा स्वतःचा रीड नॉइज (फोटो वाचताना येणारा दाणेदारपणा) वरचढ राहतो. आयएसओ ८०० किंवा १६००, एफ/४ धरलं तर पुणे-मुंबईच्या कडेला ३०-६० सेकंदांतच पुरे होतं, वेल्ह्याच्या पुढे डोंगरात २-३ मिनिटं सहज चालतात.

दुसरं म्हणजे तारे. फोटो १०० टक्के झूम करून मधला भाग आणि चारही कोपरे बघा, घाई करू नका. सगळीकडे तारे एकाच दिशेला लांबलेले असतील तर ट्रॅकिंग (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणं) किंवा पोलर अलाइनमेंट (त्या फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे धरणं) चुकलीये. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १८-१९ अंश वर असतो, पुण्यातून साडेअठरा, त्यामुळे धुरकटपणात किंवा डोंगराआड तो नीट सापडत नाही आणि ही चूक फार होते. फक्त कोपऱ्यांतले तारे बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे दिसत असतील तर ती लेन्स किंवा दुर्बिणीची गोष्ट आहे, लेन्सचं छिद्र एक-दोन स्टॉप लहान करून बघा. पण दोन वेगवेगळ्या लेन्सवर सेन्सरची तीच एक बाजू बिघडलेली दिसली तर सेन्सर तिरका बसला असू शकतो, ते आमचं काम, कॅमेरा परत आणा, आम्ही पैसे न घेता नीट करून देऊ.

तारे गोल आहेत पण फुगीर? मग फोकस. फिल्टर बदलल्यावर ऑटोफोकसवर आणि लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, लाइव्ह व्ह्यूमध्ये तेजस्वी तारा १० पट मोठा करून बाहतिनोव्ह मास्कने (लेन्सपुढे लावायची खाचांची जाळी) फोकस करा, आणि दर तासाला पुन्हा तपासा कारण रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो. रात्री २ नंतरचे तारे अचानक मऊ झाले तर एकदा लेन्सवर बोट न लावता टॉर्च मारून बघा, दव असेल.

मॉडचा खरा फरक बघायचा असेल तर कृत्तिका किंवा देवयानी दीर्घिका घेऊ नका. कृत्तिकांभोवतीचा मेघ ताऱ्यांच्या उजेडाने निळा दिसतो, देवयानीचा बराचसा उजेड ताऱ्यांचाच, तिथे फार फरक पडणार नाही आणि उगाच निराश व्हाल. डिसेंबर-जानेवारीत मृगाच्या पूर्वेचा रोझेट तेजोमेघ घ्या, एनजीसी २२३७. दोन मिनिटांची एक फ्रेम सिरिल सॉफ्टवेअरमध्ये उघडा (फुकट आहे), फक्त लाल चॅनल वेगळा काढा, फोटो पाव आकाराचा करा आणि स्ट्रेच करा (अंधुक भाग उजळा). मेघाचं कडं अंधुक का होईना दिसलं पाहिजे. निळ्या चॅनलमध्ये ते जवळपास दिसणार नाही आणि तेच बरोबर आहे. दाणेदारपणा मात्र खूप असेल, कारण बेयर ग्रिडमध्ये (सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरच्या जाळीत) चारातला एकच पिक्सेल लाल असतो, त्याने घाबरू नका. १६ फ्रेम स्टॅक केल्या की नॉइज पाव होतो, ६४ केल्या की आठवा हिस्सा.

फेकायच्या कुठल्या? ढग आलेल्या, ट्रॅकिंग घसरलेल्या आणि फोकस गेलेल्या, एवढ्याच. सॅटेलाइटची किंवा विमानाची रेघ आली म्हणून फ्रेम टाकू नका, १५-२० फ्रेम असतील तर सिग्मा क्लिपिंगमध्ये (स्टॅक करताना बाकीच्यांपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळणं) ती रेघ निघून जाते. आम्ही अशा चांगल्या फ्रेम डिलीट झालेल्या बघितल्यात आणि फार वाईट वाटतं. मृगातल्या एम ४२ तेजोमेघाचा मध्य दोन मिनिटांत जळतोच (पूर्ण पांढरा होतो), त्याच्यासाठी १० सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घ्या.

तरीही शंका असेल तर आम्हाला एक रॉ फाइल पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉम्प्रेस झालेला जेपेग नको, त्यातून काहीच कळत नाही. सोबत झाकण लावून त्याच आयएसओ आणि तेवढ्याच वेळाची एक डार्क फ्रेम, लेन्स कुठली ते, आणि फोटो कुठून काढला ते गावाचं नाव, एवढं लिहा.