थंड समुद्राचं ऊन

सॅन डिएगोला निघायच्या आदल्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, स्वेटर बॅगेत वरच ठेव हं." मला वाटलं चेष्टा करतेय. जून महिना, कॅलिफोर्नियाचं दक्षिण टोक, ऊन आणि वाळूसाठी जगभर मिरवणारा किनारा; तिथे स्वेटर कशाला? पहिल्याच सकाळी ला होयाच्या किनाऱ्यावर उभा राहिलो आणि गुपचूप तिचाच जादाचा स्वेटर मागून घेतला. दहा वाजले तरी सूर्याचा पत्ता नव्हता. आभाळ खाली उतरलेलं, राखाडी, आपल्याकडे मृगाच्या आधी असतं तसं. आपण असं आभाळ दिसलं की छत्री शोधतो. तिथे थेंब पडत नाही. बाराच्या सुमारास कुणीतरी पांघरूण ओढून घ्यावं तसे ढग निघून जातात आणि मग ते सुप्रसिद्ध ऊन पडतं. स्थानिक लोकांनी या राखाडी सकाळींना 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' अशी नावंच पाडली आहेत. पर्यटनाच्या पत्रकांत ती सापडत नाहीत.

ढग गेल्यावर पाण्यात पाय घातला. पोटरीपर्यंत कळ गेली. हर्णै-गुहागरच्या कोमट पाण्यात वाढलेल्या माणसाला समुद्र असा बर्फाच्या बादलीसारखा असू शकतो हे पटायला वेळ लागतो. पण या काउंटीची सगळी गोष्ट त्या गार पाण्यातच आहे. हवा, इतिहास, घरांच्या किमती, वणवे, सगळं तिथूनच सुरू होतं.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सॅन डिएगो काउंटी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होतात त्याहून थोडी लहान, वस्ती सुमारे ३३ लाख, दक्षिणेला मेक्सिकोची सीमा आणि पश्चिमेला प्रशांत महासागर. आपल्या कोकणासारखीच पश्चिमेकडे तोंड करून बसलेली. डोंगरही आहेत पूर्वेला, आणि त्यांतले सर्वांत उंच माथे २,००० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. समुद्र, डोंगर आणि समुद्रावरून येणारा वारा, सगळं सामान तेच. तरी पाऊस वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सॅन डिएगोला तेवढा पडायला पावणेचार वर्षं लागतात.

फरक पडतो तो पाण्याच्या तापमानामुळे. पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र २९ अंशांच्या आसपास तापलेला असतो. सॅन डिएगोजवळचं पाणी हिवाळ्यात १४-१५ आणि भर उन्हाळ्यात साधारण २० अंश. याला दोन कारणं. एक म्हणजे कॅलिफोर्निया प्रवाह, जो उत्तरेकडचं गार पाणी किनाऱ्याच्या कडेकडेने खाली आणतो. दुसरं जास्त गमतीचं आहे. तिथला नेहमीचा वारा वायव्येकडून, किनाऱ्याला समांतर वाहतो. वारा पाण्याला ढकलतो, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात सरकतं पाणी ढकललेल्या दिशेच्या उजवीकडे वळतं. दक्षिणेकडे निघालेल्याचा उजवा हात पश्चिमेला, म्हणजे किनाऱ्यावरचं पाणी खोल समुद्राकडे निघून जातं. त्याची जागा भरायला खालचं, काळोखातलं, गार पाणी वर येतं. विहिरीतलं वरचं पाणी उपसत राहिलं की तळाचं पाणी वर यावं, तसं. या पाण्याबरोबर तळाची खनिजंही वर येतात, म्हणून मासळी मुबलक, आणि मासळी म्हणून सील आणि पेलिकन.

आता वरची बाजू. उन्हाळ्यात या महासागरावर जास्त दाबाचा एक अवाढव्य पट्टा ठाण मांडतो. त्यातली हवा वरून खाली उतरते, आणि उतरणारी हवा दाबली जाऊन तापते. खाली समुद्राने गार केलेली हवा, वर ही उबदार हवा. डब्यावर झाकण बसावं तसं. खालची ओलसर हवा वर चढूच शकत नाही. काहीशे मीटर जाडीचा ढगांचा थर करून ती झाकणाखाली पसरते. जून ग्लूम तो हाच. उन्हाने जमीन तापली की थर विरतो. आपल्याकडे ओल्या, उबदार हवेला सह्याद्री वर चढवतो आणि ती गार होऊन बरसते. तिथे डोंगर उभेच आहेत, पण उन्हाळ्यात हवेवर झाकण आहे. हिवाळ्यात तो दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो तेव्हा वादळांना वाट मिळते आणि वर्षाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरकतो.

आणि ज्या सुखासाठी लोक तिथे जिवाचं रान करून घर घेतात, त्याचंही मूळ इथेच. ऑगस्टमध्ये दुपारी २५ अंश, जानेवारीत १९. पण आकडा अर्धंच सांगतो. मुंबईचा उकाडा तापमानाचा कमी आणि दमटपणाचा जास्त. गरम समुद्रावरची हवा वाफेने इतकी भरलेली असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. गार समुद्रावरच्या हवेत वाफ मुळातच कमी मावते. शाळेच्या भूगोलात आपण ज्यांना खारे वारे म्हणून पाठ केलं ते तिथे दुपारी किनाऱ्यावर येतात आणि जणू शीतयंत्र चालू होतं. किनाऱ्याजवळच्या कितीतरी जुन्या घरांत एसी नाही. भाचीच्याही नव्हता.

ही हवा गोऱ्यांनी शोधली नाही, हे सांगायला हवं. कुमेयाय लोक हजारो वर्षांपासून इथे राहत आले आहेत, आणि त्यांना हवेचं गणित नीट कळलं होतं. ते एका जागी बसत नसत. ऋतूप्रमाणे किनारा, दऱ्या आणि डोंगर अशी ये-जा करत. शरदात डोंगरावर ओकची फळं गोळा करायची, कुटून पीठ करायचं आणि पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन त्यातला कडू-तुरट टॅनिन काढायचा. पाणी कमी असलेल्या मुलखात पाण्याच्या मागे आपण जायचं, ही त्यांची रीत. पुढे आलेल्यांनी ती उलटी केली.

युरोपीय माणूस पहिल्यांदा आला तो २८ सप्टेंबर १५४२ ला. हुआन रोद्रिगेस काब्रियो मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून जूनअखेरीस निघाला होता. एवढ्याशा अंतराला तीन महिने का? तोच वायव्येचा वारा आणि तोच दक्षिणवाही प्रवाह, दोन्ही तोंडावर. बंदराला त्याने सान मिगेल नाव दिलं. १६०२ मध्ये विस्काइनो या स्पॅनिश दर्यावर्द्याने ते बदलून सान दिएगो केलं. वस्ती मात्र थेट १७६९ मध्ये, हुनिपेरो सेरा या पाद्र्याने मिशन स्थापलं तेव्हा. पाच वर्षांत ते जागेवरून हलवावं लागलं. एक कारण पाणी. १७७५ मध्ये कुमेयाय लोकांनी नव्या जागेवरचं मिशन जाळलं. त्यांच्या तक्रारी पाण्यापेक्षा फार मोठ्या होत्या.

मधला मेक्सिकन काळ सोडून देतो. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं आणि ही काउंटीही. १८६७ मध्ये अलोन्झो हॉर्टन नावाच्या गृहस्थाने लिलावात ९६० एकर जमीन घेतली, एकरी २७ सेंटच्या आसपास. आजचं शहराचं मध्यवर्ती ठिकाण ते. १८८५ मध्ये रेल्वे पोचली आणि हवा विकायला सुरुवात झाली. शब्दशः. क्षयरोगी, दमेकरी, संधिवाताचे रुग्ण यांना डॉक्टर इथे पाठवू लागले. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, तरी औषध नसल्यामुळे 'हवापालट' हाच उपाय होता. आपल्याकडे मिरज आणि पाचगणी ज्या कारणाने नावारूपाला आली तेच. जमिनीचे भाव चढले, वस्ती ४०,००० च्या घरात गेल्याचं सांगतात, फुगा फुटला आणि १८९० च्या जनगणनेत १६,००० माणसं उरली. त्या उन्मादातलं लाकडी हॉटेल डेल कोरोनाडो १८८८ मध्ये उघडलं आणि अजून उभं आहे.

माणसं आली, पण पाऊस काही वाढला नाही. १९१५ च्या डिसेंबरात नगर परिषदेने चार्ल्स हॅटफिल्डला बोलावलं. मूळचा शिलाई यंत्रांचा विक्रेता. स्वतःला तो पाऊस पाडणारा म्हणवत नसे. आपण हवेतल्या ओलाव्याला फक्त गती देतो, असं त्याचं म्हणणं. बोली ठरली: मोरेना तलाव भरून दे, १०,००० डॉलर घे. लेखी करार झालाच नाही. हॅटफिल्डने तलावाकाठी लाकडी मनोरा उभा केला, वर २३ रसायनांचं गुप्त मिश्रण उघड्या पिंपांत ठेवलं आणि वास हवेत सोडला. जानेवारी १९१६ मध्ये पाऊस सुरू झाला आणि थांबेना. पूल वाहून गेले, रेल्वे बंद पडली, २७ जानेवारीला लोअर ओटाय धरण फुटलं आणि खालच्या दरीतली माणसं गेली. तलाव भरला होता, म्हणून हॅटफिल्ड पैसे मागायला आला. परिषदेने सांगितलं, पाऊस तू पाडला असशील तर नुकसानीचे दावेही तूच भर. पुढे न्यायालयाने पाऊस ही देवाची करणी ठरवली. त्याला एक डॉलर मिळाला नाही.

आज आपल्याला माहीत आहे की पिंपातल्या वाफांनी असा पाऊस पडत नाही. प्रशांत महासागरावरून अरुंद पट्ट्यात वाहत येणारी वाफ, जणू आकाशातली नदी, हिवाळ्यात या किनाऱ्यावर आदळते. त्या महिन्यात शेजारच्या काउंट्यांतही पूर होते, आणि तिथे हॅटफिल्डचे मनोरे नव्हते.

मग शहराने पाणी लांबून आणायचं ठरवलं. १९४७ मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी पोचलं, वाळवंट ओलांडून. आजही काउंटीची मुख्य मदार बाहेरच्या पाण्यावर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये कार्ल्सबादला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज सुमारे १९ कोटी लिटर. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. ते पाणी प्रचंड दाबाने पापुद्र्यांतून ढकलायचं. त्याला भरपूर वीज लागते आणि ते दर महिन्याला बिलात दिसतं. भाचीने अंगणातली हिरवळ काढून निवडुंग लावलेत ते उगाच नाही. महाग घरं, महाग पाणी आणि त्या मानाने बेताचे पगार, याला तिथे 'सनशाइन टॅक्स' म्हणतात.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत शहाणं मला तिथलं एक झाड वाटलं. टॉरी पाइन हा अमेरिकेतला सर्वांत दुर्मीळ पाइन; नैसर्गिकपणे तो फक्त इथे आणि दूरच्या सांता रोझा बेटावर उगवतो. त्याच्या लांब सुया पाच-पाचच्या जुडग्यात असतात. जूनमधल्या त्या सकाळी मी एका फांदीखाली उभा होतो. पाऊस नव्हता, पण टोपीवर टप्‌टप् चालू होतं. धुकं सुयांवर जमून थेंब होऊन झाडाच्याच बुंध्याशी पडत होतं. आजूबाजूची जमीन कोरडी, झाडाखालची काळी आणि ओली.

भाचीचा नवरा नागपूरचा. समुद्राशी जन्मात संबंध नाही, पण आता पहाटे सर्फिंगची फळी घेऊन निघतो आणि जाण्याआधी फोनवर बघतो, "आज १८ सेकंद आहे." म्हणजे दोन लाटांमधला वेळ. त्या आकड्यातून लाट कुठून आली ते कळतं. खोल पाण्यात लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने धावतात. १८ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा ताशी जवळपास ५० किलोमीटरने सरकते; न्यूझीलंडच्या खाली, १०,००० किलोमीटरवर, उठलेलं वादळ आठेक दिवसांनी इथे फेसाळतं. हे गणित बसवलं ते वॉल्टर मंक यांनी, इथल्याच स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि हॅराल्ड स्वेरड्रुप यांनी सैन्य किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत काढली. नंतर मंक यांना इथे येणाऱ्या काही लाटांचं मूळ थेट हिंदी महासागरातल्या वादळांत सापडलं. मला हे फार आवडलं. पाणी गार असो, लाट आपल्याकडची.

याच नागपूरकराकडून मी सांता आना वाऱ्यांची गोष्ट ऐकली. शरदात वारा उलटतो आणि पूर्वेच्या उंच वाळवंटी पठारावरून समुद्राकडे सुटतो. किलोमीटरभर खाली उतरली की हवा दहा अंशांनी तापते, आणि कोरडी ठणठणीत होते. "नागपूरच्या मेमधली दुपार असते, घरी आल्यासारखं वाटतं," तो म्हणाला, आणि मग गप्प झाला. सहा महिने पावसाचा थेंब नसतो, झुडपं काडेपेटी झालेली असतात. ऑक्टोबर २००३ मध्ये वाट चुकलेल्या एका शिकाऱ्याने मदतीसाठी जाळ केला. त्यातून पेटलेल्या सीडर वणव्यात २.७ लाख एकर जळले, २,००० हून अधिक घरं गेली आणि १५ माणसं मेली.

निघायच्या आधी आम्ही स्क्रिप्सच्या लांब धक्क्याजवळ गेलो. १९१६ पासून, म्हणजे हॅटफिल्डचा पूर आला त्याच वर्षापासून, तिथे रोज समुद्राचं तापमान मोजतात. ज्या चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, ते याच संस्थेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये धक्क्यावरचा पारा २६ अंशांच्या पुढे गेला. शंभर वर्षांत तेवढा कधी गेला नव्हता. पाण्यात उतरणारे खूश होते. पण समुद्र तापला की त्याच्यावरची हवा दमट होते आणि रात्री गार होत नाही.

"त्या ऑगस्टमध्ये आम्हाला झोपच लागेना," भाची म्हणाली. "मामा, अगदी आजोळच्या मेसारखं चिकचिक." यंदा त्यांनी एसी बसवून घेतलाय.